सहा नंबरच्या नावावर

धाकट्याच्या हेल्मेटचा पट्टा तुटला होता ही गोष्ट मला मंगळवारी सकाळी सिंगापुरातल्या आंग मो किओच्या हॉकर सेंटरमध्ये कळली, तोंडात नारळाच्या जॅमचा अर्धा काया टोस्ट असताना. फोनवर आयर्लंडमधल्या कुठल्याशा गावच्या वर्तमानपत्राची बातमी उघडली होती. खरं तर ती उघडायला नको होती. आमच्या कामात खेळाडूंबद्दल वाचायचं नाही असा दंडक आहे. वाचलं की डोळा पक्षपाती होतो म्हणतात. पण माणूस तीन-चार महिने त्याच पंधरा जणांकडे रोज आठ तास बघत बसला, तर त्याला त्यांच्या घरचं विचारावंसं वाटणारच. तर धाकटा, म्हणजे त्या संघातला पाच नंबर, मुलाखतीत सांगत होता की उपांत्य सामन्यात मध्यंतराला त्याच्या हेल्मेटचा पट्टा तुटला. थोरल्या भावाच्या पिशवीत भावाचंच एक जुनं हेल्मेट होतं, भाऊ घालतो तसंच निळं. ते त्याने चढवलं. आणि डोक्यावर भावाचं हेल्मेट आहे म्हटल्यावर मैदानात शिरताना त्याने भाऊ करतो तसं सगळं केलं, वाकून गवताला हात लावला वगैरे. सगळे हसले म्हणे. मी मात्र टोस्ट गिळायचा विसरलो. समोरचे आजोबा इथली कॉफी, कोपी, बशीत ओतून गार करत होते, त्यांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मी काही नाही अशी मान हलवली. पण काही नाही कसं? त्या सामन्याच्या उत्तरार्धात सहा नंबरच्या नावावर मी सात वेळा ‘चेंडू गमावला’ असं नोंदवलं होतं, आणि तो सहा नंबर नव्हताच.

मी मॅच बघतो आणि त्याचा पगार घेतो. आईला हे काम शेवटपर्यंत काम वाटलं नाही. म्हणजे टीव्हीच बघतोस ना, असं ती विचारायची. पुण्यात मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचो. सिंगापूरला आल्यावर दोन कंपन्या बसल्या, तिसरीने मला या खुर्चीत बसवलं. जगभरातल्या सामन्यांचे व्हिडिओ इंडस्ट्रियल पार्कमधल्या आमच्या चौथ्या मजल्यावर येतात आणि आम्ही बाराजण ते पुढे-मागे करत प्रत्येक हालचालीला एक नंबर आणि एक शब्द चिकटवतो. पाच नंबर, अडवला. सहा नंबर, गमावला. त्याचे रिपोर्ट होतात, ते संघाच्या प्रशिक्षकांकडे जातात. माझ्या वाट्याला हर्लिंग आलं, कारण इतरांना त्यातला चेंडूच दिसत नव्हता. हॉकी आणि विटीदांडूचं लग्न लावलं तर जे पोर होईल ते हर्लिंग. मुठीत मावेल एवढा चेंडू लाकडी दांड्याच्या एका फटक्यात हवेतून ऐंशी मीटर जातो, आणि दोन्हीकडची पंधरा-पंधरा माणसं तारेची जाळी लावलेली हेल्मेटं घालून त्याच्यामागे जीव तोडून धावतात. पैसे शून्य. सगळे आपापली नोकरी सांभाळून खेळतात. आमचा सहा नंबर शाळेत सुतारकाम शिकवतो. काउंटीचं नाव मी सांगणार नाही, तसा कागद सही करून दिलाय. करड्या-पिवळ्या जर्सीची काउंटी म्हणू. एप्रिलात हे लोक पहिलाच सामना अकरा गुणांनी हरले, तेव्हा यांचं यंदाही काही खरं नाही असं मीच म्हणालो होतो. मग काय झालं कोणास ठाऊक, जिंकतच सुटले. आणि एकाहत्तर वर्षांनी राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात येऊन उभे राहिले. मागचा विजय डोळ्यांनी पाहिलेली माणसं त्या काउंटीत आता चार-दोन उरलीत, हे समालोचक दर सामन्यात सांगायचा आणि दर वेळी मी ते वाक्य मागे घेऊन पुन्हा ऐकायचो. माझा त्या मातीशी संबंध काय? पण ऐकायचो.

सहा नंबर पहिल्याच दिवशी माझ्या नजरेत भरला तो खेळामुळे नाही. पस्तिशीचा, गुडघ्याला पट्टी बांधलेला, बचावफळीच्या मधोमध उभा राहणारा माणूस. मैदानात शिरताना तो वाकला, गवताला हात लावला आणि हात कपाळाकडे नेला. तेवढ्यात कॅमेरा दुसरीकडे गेला. मी व्हिडिओ मागे घेऊन पाच वेळा ते बघितलं. आमचा निशिकांतदादा असाच मैदानाच्या पाया पडायचा. मिरजेला आमच्या मंडळाचा खो-खोचा संघ होता, दादा त्यात पळायचा आणि मी, पळता येत नव्हतं म्हणून, वही घेऊन खांबापाशी बसायचो. कोण किती मिनिटं किती सेकंद टिकलं ते लिहायचं. दादा आधी खांबाला हात लावायचा, मग मातीला, मग कपाळाला. बाकीची पोरं सुरुवातीला हसायची आणि नंतर हसायची बंद झाली. आमच्या घरात पाया पडणं, देवापुढे दिवा लावणं, पाहुण्यांना पोचवायला स्टँडवर जाणं, ही सगळी थोरल्याची कामं. धाकट्याने मागे उभं राहायचं. आयर्लंडचा तो सुतार मास्तर वाकला तेव्हा मला वाटलं, अरे, इथेही तसंच आहे की. त्या दिवसापासून तो माझ्यासाठी सहा नंबर राहिला नाही, थोरला झाला, आणि त्याच्या उजव्या हाताला खेळणारा पाच नंबर, त्याचा भाऊ, धाकटा झाला. ही नावं मी कोणाला सांगितली नव्हती.

आणि त्यातूनच सगळं घडलं. उपांत्य सामना पावसात झाला. कॅमेऱ्याची काच धुरकट, पाठीवरचे आकडे चिखलाने भरलेले. पाच आणि सहा चिखलात सारखेच दिसतात. तरी पूर्वार्धात अडलं नाही, कारण थोरल्याचं हेल्मेट निळं आणि धाकट्याचं पांढरं. उत्तरार्धात बघतो तर दोन निळी हेल्मेटं. चेहरे जाळीआड. त्यात दोघं भाऊ एकमेकांच्या जागा बदलत खेळत होते. नियमाप्रमाणे अशा वेळी ‘खात्री नाही’ असं नोंदवून व्हिडिओ दुसऱ्या डोळ्याकडे, म्हणजे दुसऱ्या तपासणाऱ्याकडे, पाठवायचा असतो. मी पाठवला नाही. कारण मला खात्री होती. मैदानात शिरताना त्या दोघांतला एकजण वाकला, त्याने गवताला हात लावला, आणि माझ्या दृष्टीने प्रश्नच मिटला. पाया पडतो तो थोरला. मग पस्तीस मिनिटं मी त्या वाकणाऱ्याचा पाठलाग केला. त्याने सात वेळा चेंडू गमावला, चार वेळा त्याला चुकवून माणसं निघून गेली. दुसरा मात्र वाघासारखा खेळला, त्याने एकट्याने सामना वाचवला. मी जड मनाने सगळं सहा नंबरच्या नावावर टाकलं. थोरला थकला, असं मी घरी बायकोला, नीतालाही सांगितलं. कोण थोरला, असं तिने विचारलं, आणि मी ऑफिसातला एकजण म्हणालो.

मंगळवारी त्या टोस्टनंतर मी ऑफिसात गेलो आणि व्हिडिओ पुन्हा लावला. आता दिसत होतं. धाकटा उजव्या पायावर वळतो, थोरला पट्टीच्या गुडघ्यामुळे कधीच तसा वळत नाही. एकदा कळल्यावर ते आंधळ्यालाही दिसलं असतं. वाघासारखा खेळला तो थोरला होता. संघ तिकडच्या वेळेने शुक्रवारी सकाळी जाहीर व्हायचा होता, सामना रविवारी. म्हणजे माझ्या हातात तीन दिवस होते. मंगळवारी दहा वाजता मी उठून क्षिप्राकडे गेलो असतो तर? क्षिप्रा आमची टीम लीड, कोथरूडची, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान; इथल्या मंडळाच्या गणपतीत मला दादा म्हणते आणि ऑफिसात नुसतं प्रबोध. मी उठलोसुद्धा. पाण्याच्या मशीनपर्यंत गेलो, पाणी प्यायलो आणि परत येऊन बसलो. माझा इथे काम करण्याचा पास सप्टेंबरात संपतो. नव्या पासच्या अर्जाला कंपनीचं पत्र लागतं, आणि त्या पत्रात माझ्या चुकांचं प्रमाण लिहिलेलं असतं. एक अख्खा उत्तरार्ध उलटा नोंदवला, तोही नियम मोडून, हे मी स्वतःच्या तोंडाने सांगायचं. मी अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे. मुलगी गार्गी पुढच्या वर्षी दहावीच्या इयत्तेत जाईल. अशी सगळी कारणं मी एकापुढे एक मांडली, ती सगळी खरी होती आणि मला माझी शरम वाटत होती. संध्याकाळी यिशुनला घरी पोचल्यावर नीताने विचारलं, बरं नाही का? मी म्हटलं, डोळे दुखतायत. हेही खरं होतं.

बुधवारी मी दादाला फोन केला. निशिकांतदादाचं आता मिरजेत बॅटऱ्यांचं दुकान आहे, दुपारी गिऱ्हाईक नसतं. त्याला मी सगळं सांगितलं, हेल्मेट, चिखल, नंबर. तो मध्ये हं-हं करत होता. मग मी विचारू नये ते विचारलं. एकोणीसशे चौऱ्याण्णव साली जिल्ह्याच्या अंतिम सामन्याआधी आमच्या पद्माकर सरांनी माझी वही मागून घेतली होती. तीन सामन्यांत दादा एकदाही मिनिटभर टिकला नव्हता. मी पन्नास सेकंद झाले तिथे पन्नासच लिहिले होते, साठ लिहिले असते तर कोणाला कळलं नसतं. सरांनी दादाला राखीव ठेवला. तो अख्खा सामना पाण्याची कळशी घेऊन बसला होता. आम्ही त्यावर तीस वर्षांत एक शब्द बोललो नव्हतो. मी विचारलं, तुला राग आला होता का माझा?

“तू बरोबरच लिहिलेलंस की,” दादा म्हणाला. “मी दमत होतो. राग तुझा नव्हता आला. पण तुला आता सांगतो, त्या दिवशी मी बसल्या जागी सारखं म्हणत होतो, हरू देत हे. एकदा हरू देत. आणि हे जिंकले. मग मला खांद्यावर घेऊन नाचले, मला. त्याच्यासारखं वाईट कायच नसतं बघ.”

पलीकडे कोणीतरी दुकानात आलं. ठेवता ठेवता तो म्हणाला की सांगायचं तर आजच सांग, एकदा संघ लागला की लागला, मग तिथनं तू काय शिट्टी मारणार? मी हो म्हटलं. तरी बुधवार गेला. बुधवार कसा गेला ते मला सांगता येणार नाही. मी दुसरा एक सामना नोंदवत होतो आणि प्रत्येक नंबर दोनदा तपासत होतो. एखाद्या माणसाला उगाच थोपटावं तसं मी त्या परक्या खेळाडूंना जपत होतो. थोरल्यासाठी मात्र काही करत नव्हतो. तो त्या वेळी शाळेत मुलांना रंधा कसा धरायचा ते दाखवत असेल, असं वाटलं, आणि मग आठवलं, जुलै आहे, तिकडे शाळेला सुट्टी असेल.

गुरुवारी दुपारी शेवटी क्षिप्राच्या समोर जाऊन बसलो. सांगून टाकलं, मंगळवारपासून माहीत आहे हेही सांगितलं. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने व्हिडिओ बघितला, दोनदा, आणि खुर्ची मागे सरकवून म्हणाली की रिपोर्ट बंद होऊन दहा दिवस झालेत. बंद रिपोर्ट उघडायला पाच दिवस लागतात. क्लायंटला आपण थेट लिहायचं नसतं, मधल्या एजन्सीला लिहायचं, त्यांचं ऑफिस डब्लिनला, तिथे आता सकाळचे आठ वाजलेत. मग ती माझ्याकडे बघून जरा मऊ आवाजात बोलली.

“प्रबोध, तुम्हाला काय वाटतं, ते लोक आपल्या आकड्यांवर संघ निवडतात? त्यांना डोळे नाहीत? प्रशिक्षक तिथे पावसात उभा होता.”

मी म्हटलं, “मलाही डोळे होते.”

तिने मेल लिहिला. तातडीचा असा लाल शेरा मारला, चुकीच्या नोंदींची यादी जोडली, आणि ‘नोंदवणाऱ्याने स्वतःहून लक्षात आणून दिलं’ असं एक वाक्य माझ्यासाठी घातलं. बंद रिपोर्ट रीतसर न उघडता मेल पाठवून नियम तिनेही वाकवला होता, तेवढं मला कळलं. आम्ही दोघं सहा वाजेपर्यंत स्क्रीनकडे बघत बसलो. साडेसहाला उत्तर आलं, दोन ओळींचं. नोंद घेतली, आभारी आहोत. ही दुरुस्ती हंगामाच्या अंतिम अहवालात समाविष्ट केली जाईल. हंगामाचा अंतिम अहवाल ऑक्टोबरात निघतो. क्षिप्रा म्हणाली, मी उद्या फोन करून बघते. तिने केलाही असेल. शुक्रवारी आमच्या दुपारी संघ जाहीर झाला तेव्हा थोरला पंधरांत नव्हता. गुडघ्याचं कारण नव्हतं, कसलंच कारण दिलेलं नव्हतं. सहा नंबरच्या जागी धाकटा होता. म्हणजे त्याच्या पाठीवर आता सहा असणार होतं.

मला राहून राहून एकच हवं होतं, ते म्हणजे कळणं. माझ्यामुळे झालं की नाही, एवढंच. प्रशिक्षकाने स्वतःच्या डोळ्यांनी ठरवलं असेल तर मी एक भिकार कारकून ठरतो आणि सुटतो. माझ्या कागदावरून ठरवलं असेल तर एका माणसाची खेळण्यातली पंधरा वर्षं मी चौथ्या मजल्यावर एसीत बसून खाल्ली. पण विचारायचं कोणाला? त्या माणसाला मी नावाने हाक मारू शकत नाही. तो मला ओळखत नाही. माझ्यामुळे त्याचं काही वाकडं झालं असलं तर तेही त्याला जन्मात कळणार नाही. शनिवारी आम्ही जुरोंग ईस्टला गार्गीचे बूट आणायला गेलो. दुकानात ती एक पाय वर धरून उभी होती आणि मी खाली वाकून तिच्या बुटाचा अंगठा दाबून बघत होतो. ती म्हणाली, “बाबा, ओके ओके, fits already lah.” मी तसाच वाकून राहिलो. माझ्या मनात त्या क्षणी स्वच्छ आलं, हरू देत. उद्या हे हरू देत. एकाहत्तर वर्षं वाट बघणारी ती माणसं, त्यांतले चार-दोन म्हातारे, सगळ्यांचं वाटोळं होऊ दे, पण थोरल्याशिवाय हे जिंकायला नकोत. हरले तर सगळे म्हणतील की त्याला वगळायला नको होतं, आणि चूक चूक म्हणून तरी उभी राहील. दादा तीस वर्षं ज्या गोष्टीसाठी स्वतःला खात होता ती मी बुटाच्या दुकानात, मुलीच्या पायाशी बसून, पूर्ण शुद्धीत मागत होतो.

सामना मी रविवारी बघितला नाही. आमच्याकडे सोमवारी सकाळी व्हिडिओ येतो आणि निकाल माहीत नसताना नोंदवायचा असतो. सकाळी गार्गीने फोन पुढे केला, “बाबा, you want to know or not?” मी नको म्हणालो आणि भराभरा बस पकडली. नऊला हेडफोन चढवले. संघ मैदानात आले आणि मला एकदम निळं हेल्मेट दिसलं. आला, त्याला घेतला, मेल पोचला, एवढं सगळं मी एका श्वासात ठरवून मोकळा झालो. मग हेल्मेट वळलं, उजव्या पायावर. धाकटा होता. भावाचं जुनं हेल्मेट त्याने ठेवून घेतलं होतं. या वेळी तो वाकला नाही. पाठीवर कोरा करकरीत सहा. आकाश निरभ्र, चिखल नाही, कुठलीही शंका नाही. आणि तो खेळला. मी त्याच्यावर डूख धरून बसलो होतो, त्याची एक तरी चूक सापडावी म्हणून सेकंद-सेकंद मागे-पुढे करत होतो, आणि बटण दाबताना हात मात्र प्रामाणिक राहत होता. सहा नंबर, अडवला. सहा नंबर, अडवला. शेवटच्या मिनिटाला एका गुणाची आघाडी असताना समोरच्याचा फटका त्याने अंगावर झेलला. सहा नंबर, अडवला. शिट्टी झाली.

गवतावर माणसंच माणसं आली. एक म्हातारा खुर्चीत बसूनच रडत होता, त्याच्या डोक्यावर कोणीतरी टोपी ठेवत होतं. मी रडत होतो का? थोडासा, आणि कशासाठी ते मला वेगळं काढता येईना. मग तो दिसला. करडं जाकीट, पाठीवर नंबर नाही. लोक त्याला मिठ्या मारत होते, दोघांनी त्याला खांद्यावर उचलायला बघितलं, त्याने हसून त्यांचे हात सोडवले. गर्दीच्या उलट्या बाजूला चालत तो सहा नंबर जिथे उभा राहतो त्या जागी गेला. वाकला. गवताला हात लावला, कपाळाला लावला. आजवर कॅमेरा इथेच दुसरीकडे जायचा. आज कोणाला घाई नव्हती. हात कपाळावरून छातीवर उतरला, मग एका खांद्यावर, मग दुसऱ्या. तो क्रूस होता. मैदानाला नमस्कार वगैरे काही नव्हतंच, ते सगळं मिरजेचं होतं. मी अख्खा उन्हाळा एका परक्या माणसाला आमच्या घरातला करून बघत होतो, आणि त्याच्यापायी त्याची जागा गेली. मी हेडफोन काढले तर मागे क्षिप्रा उभी होती, हातात लॅपटॉप. तिलाही निकाल कळला होता, चेहरा फुलला होता. क्लायंटचा मेल आलाय म्हणाली, आणि उभ्याउभ्या मला वाचून दाखवायला लागली. हंगामभराच्या कामाबद्दल आभार. विशेषतः उपांत्य सामन्याचा रिपोर्ट. सहाच्या जागेचा कठीण निर्णय आम्ही त्याच आधारावर—

ती थांबली. पुढची ओळ तिने मनातच वाचली. माझ्या मागच्या स्क्रीनवर थोरला अजून तिथेच उभा होता. क्षिप्रा लॅपटॉप मिटत म्हणाली, “दादा, हे पत्र तुमच्या पासच्या अर्जाला जोडते. उपयोग होईल.”

ऑफिसात तिने मला पहिल्यांदाच दादा म्हटलं. मी बरं म्हणालो. ती गेल्यावर मी काम पुरं करायला घेतलं. शिट्टीनंतरचा भाग कापून टाकायचा असतो, नाहीतर फाइल जड होते. मी शिट्टीपाशी गेलो, तिथपासून शेवटपर्यंत सगळं निवडलं आणि कापलं. मग बेरजांचा तक्ता आला. सामन्यातला सर्वोत्तम बचाव सहा नंबरच्या नावावर होता. ज्यांनी मैदानात पाऊल टाकलं नाही त्यांच्या नावाची ओळ तक्त्यात नसते. मी एकेक आकडा दोनदा ताडून पाहिला, आणि खाली ‘तपासलं, बरोबर आहे’ असं लिहून पाठवून दिला.